सीमाभागातल्या बाल अत्याचाराच्या तपासात पोलीस आणि आपण: मुलाचं बोलणं मुलाच्या भाषेत कसं टिकवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात एका संस्थेत समुपदेशक असलेल्या ताई लिहितात की, अत्याचार झालेल्या मुलासोबत पोलीस स्टेशनला गेलं की त्यांना बाहेर बाकावर बसवतात. मूल मराठी बोलतं, जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो, आणि त्यात काय लिहिलंय ते घरच्यांना नीट कळत नाही. नुकतंच आठ वर्षांच्या एका मुलीच्या बाबतीत ‘तुम्हीच हिला पढवून आणलंय’ असंही त्यांना ऐकून घ्यावं लागलं. अशा वेळी पोलिसांशी भांडावं की जमवून घ्यावं? आणि त्या मुलीची आई तिला घेऊन महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडला माहेरी जायचं म्हणते आहे, तिला जाऊ द्यावं का?

ताई, भांडायचं की जमवायचं हे ठरवण्याआधी तपासात कुणाचं काम काय, हे पक्कं करून घ्या. काय घडलं, कुणी केलं आणि ते कोर्टात कसं टिकेल, हे शोधणं पोलिसांचं काम. मूल आज रात्री कुठे झोपणार, त्याच्याजवळ कोण असणार, ते जेवतंय का, शाळेत परत कधी जाणार, आरोपीच्या घरचे दारात आले तर काय करायचं, हे पाहणं आपलं काम. इतक्या वर्षांत मी पाहिलेली बहुतेक भांडणं एकानं दुसऱ्याच्या कामात हात घातल्यावर सुरू झाली आहेत. कार्यकर्ता चौकशी करायला लागतो, पीएसआय समुपदेशन करायला लागतो, आणि दोन्हीकडून त्रास मुलालाच होतो.

मुलानं सविस्तर हकिकत सांगण्याच्या जागा कायद्यानं तीनच ठेवल्या आहेत: पोलिसांचा जबाब, दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब आणि विशेष न्यायालयातली साक्ष. डॉक्टरांना उपचारापुरतं आणि तपासणीपुरतं विचारावं लागतं, तेही मोजकं. प्रत्यक्षात मात्र आई विचारते, मावशी विचारते, शाळेतले सर विचारतात, मग संस्थेची ताई, मग हवालदार, मग पीएसआय, मग बालकल्याण समितीतला (मुलाच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) प्रत्येक सदस्य. पाचव्या-सहाव्या वेळी मूल एक तर गप्प होतं, नाही तर समोरच्याला हवं ते सांगून मोकळं होतं. वकील मग या सगळ्या हकिकती शेजारी शेजारी ठेवतो आणि फरक दाखवतो. पोलीस आणि आपण एकत्र काम करायचं ते यासाठी की, या तीन जागा सोडून चौथीकडे मुलाला ते सगळं पुन्हा सांगावं लागू नये.

आता ‘पढवलंय’ या आरोपाबद्दल. तो ऐकून राग येणं साहजिक आहे, पण पीएसआयची भीती खोटी नसते. उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील हाच प्रश्न विचारणार, हे त्यांना माहीत असतं. त्यामुळे उत्तर आपल्या कागदात हवं. मूल पहिल्यांदा बोलतं तेव्हा ते ज्या शब्दांत बोललं ते शब्द, तारीख, वेळ, जागा, तिथे कोण होतं आणि आपण त्याआधी नेमकं काय विचारलं होतं, हे त्याच दिवशी लिहून काढा. आपला प्रश्नही लिहायचा, कारण सगळं त्यावर अवलंबून असतं. ‘काय झालं ते सांग’, ‘मग काय झालं?’, ‘तेव्हा तू कुठं होतीस?’ एवढं पुरतं. ‘त्यानं तुला इथं हात लावला ना?’ असं विचारलंत की उत्तर तुम्हीच दिलंत. ‘ओरडली का नाहीस?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’ हे तर कधीच विचारू नये. मूल त्याला ओरडा समजतं. धोका आहे का, दुखापत आहे का, आरोपी घरातलाच आहे का, एवढं कळलं की थांबा. पुढचं पोलिसांना विचारू द्या. आणि ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. पोक्सोच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, आणि मोडलेलं वचन मूल विसरत नाही.

माझं आग्रहाचं मत आहे की ज्या व्यक्तीला मुलानं पहिल्यांदा सांगितलं, तिला सपोर्ट पर्सन, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाला सोबत करणारी समितीनं नेमलेली व्यक्ती, करू नये. अंगणवाडी ताई असो, शाळेतल्या बाई असोत किंवा तुमच्याच संस्थेतली कार्यकर्ती, ती साक्षीदार होणार. सोबतीला दुसरी व्यक्ती द्या. लहान संस्थेत हे अवघड जातं हे मला माहीत आहे, तरीही शेजारच्या तालुक्यातली माणसं मागवून घ्या.

बाहेर बसवण्याचा प्रश्न. पोक्सोचं कलम २६ स्पष्ट आहे: मूल बोलेल तसाच त्याचा जबाब लिहायचा, आणि आई-वडील किंवा मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा व्यक्तीच्या उपस्थितीत लिहायचा. कलम २४ सांगतं की जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावा, शक्यतो पीएसआय दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेशात नसताना, आणि रात्री मुलाला ठाण्यात ठेवू नये. पण दारात उभं राहून कलमं वाचून दाखवली तर आत बसलेला माणूस आणखी घट्ट होतो. त्याऐवजी असं करा. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचंच असतं, २०२० च्या पोक्सो नियमांतल्या नमुना ‘ब’ मधल्या प्राथमिक मूल्यांकनासह. तुम्ही स्वतः समितीला फोन करून सपोर्ट पर्सनचा आदेश मागून घ्या आणि त्याची प्रत हातात घेऊन जा. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलंय की सपोर्ट पर्सनची गरज फक्त पालकांच्या मर्जीवर सोडायची नाही, या हक्काची माहिती त्यांना दिलीच पाहिजे. आदेश असला की तुम्ही ‘एनजीओवाल्या बाई’ राहत नाही, तुम्ही त्या खटल्यातल्या एक जबाबदार व्यक्ती होता.

आत गेल्यावर बोलायचं नाही. हे जमलं तरच पुढच्या वेळी दार उघडतं. मुलाला दिसाल अशा जागी बसा, पण चेहऱ्यावर होकार-नकार येऊ देऊ नका, मूल अडखळलं तर शब्द पुरवू नका, पाठीवर हात फिरवून ‘सांग सांग’ करू नका. मुलाला पाणी हवंय, लघवीला जायचंय, दमलंय, एवढंच सांगा. व्हिडिओ चालू असेल तर तुम्हीही त्यात दिसाल असं बसा. पीएसआयना आधीच सांगा की मी असं बसणार आहे. ‘पढवलंय’ या शंकेला यापेक्षा चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

भाषेवर मी जास्त बोलणार आहे, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. बेळगावच्या बाजारात प्रत्येक जण तीन भाषा बोलतो. त्यामुळे ठाण्यात समज असा की दुभाष्याची गरजच काय, सगळ्यांना सगळं कळतं. मोठ्या माणसांना कळतही असेल. पण जांबोटी-कणकुंबीकडच्या वाडीतल्या सहा वर्षांच्या मुलाला ठाण्यातलं कन्नड कळत नाही, आणि निपाणीतल्या विडी कामगाराच्या मुलीला बाजारापुरतं आलं तरी अंगावर झालेल्या गोष्टी सांगायला ते पुरत नाही. मग मूल मराठीत सांगतं, मराठी येणारा हवालदार ते ऐकून दोन वाक्यांत कन्नडमध्ये सांगतो, लेखनिक त्याचं कागदी कन्नड करतो. मूल अर्धा तास बोललेलं असतं आणि जबाबाचं अर्धं पान होतं. यात कुणाची वाईट नियत असेलच असं नाही.

यात हरवतं ते खटल्याच्या मुळाशी असलेलं. मूल ‘मामानं केलं’ म्हणतं. आपल्याकडे किराणा दुकानदारही मामा, रिक्षावालाही मामा, आईचा भाऊही मामा. जबाबात सख्खा मामा लिहिला गेला तर कलमच बदलतं: नात्यातल्या किंवा एकाच घरात राहणाऱ्या माणसानं केलेला लैंगिक हल्ला पोक्सोमध्ये अधिक गंभीर धरला जातो, आणि त्यात बलात्कारासारखा प्रकार असेल तर कलम ६ खाली किमान शिक्षा २० वर्षांची आहे. उलटही होतं, खरा नातेवाईक ‘ओळखीचा इसम’ होऊन बसतो. शरीराच्या अवयवांना प्रत्येक घरात वेगळा शब्द असतो. तो शब्द तसाच लिहावा, आणि मुलानं बाहुलीवर किंवा चित्रावर कुठे बोट ठेवलं ते सोबत नोंदवावं. मुलाच्या तोंडी कधीच नसलेला जड शब्द जबाबात दिसला की साक्षीच्या वेळी मूल त्याचा अर्थ सांगू शकत नाही, आणि वकील तिथेच धरतो.

तारखांचंही तसंच. मुलं तारीख सांगत नाहीत. ‘गावात लक्ष्मीची यात्रा होती त्याच्या आधी’, ‘गणपतीत आत्ती आलेली तेव्हा’, ‘दसऱ्याची सुट्टी लागली त्या दिवशी’ असं सांगतात. हे पीएसआयनं स्वतःच्या अंदाजानं तारखेत बदलू नये. मुलानं सांगितलेला सण लिहावा आणि त्या वर्षी तो कधी होता हे पंचायतीतून किंवा शाळेच्या हजेरीपटावरून वेगळं जोडावं. हजेरीपट आणून द्यायचं काम आपण आनंदानं करावं. त्यातून तपासाला खरी मदत होते, आणि तपास अधिकारीही आपल्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागतात.

मग मागायचं काय? पहिलं, दुभाषी. पोक्सोत मुलाला न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी द्यायचाच आहे. अशा लोकांची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षानं ठेवायची असते, मानधनासह. तुमच्या भागातले मराठी-कन्नड दोन्ही उत्तम येणारे निवृत्त शिक्षक, शिक्षिका शोधा, त्यांना त्या यादीत नाव घालायला लावा. शेजारी, आई किंवा ठाण्यातला शिपाई हे दुभाषी नव्हेत. आरोपीच्या भावकीतला माणूस तर मुळीच नको. लहान गावात हे तपासूनच घ्यावं लागतं. दुसरं, ऑडिओ-व्हिडिओ. कलम २६ मध्ये शक्य तिथे ते करायला सांगितलंय. कागद कन्नडमध्ये राहू दे, कर्नाटकात तो तसाच असणार. पण मुलाचं मराठी बोलणं रेकॉर्डवर असलं तर भाषांतरात काय सुटलं ते कोर्ट स्वतः पाहू शकतं. तिसरं, जबाब पूर्ण झाल्यावर तो मुलाला आणि पालकांना मराठीत वाचून दाखवावा, आणि दुरुस्ती सांगितली तर ती तिथेच करावी. सही किंवा अंगठ्याची घाई झाली की शांतपणे म्हणा, ‘साहेब, एकदा मराठीत ऐकवूया, पुढं कोर्टात त्रास नको.’ या वाक्याला नाही म्हणणारा अधिकारी मला क्वचित भेटला.

एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्याकडे भाषेचा प्रश्न निघाला की लगेच सीमाप्रश्न डोक्यात येतो. मुलाच्या जबाबासाठी मराठी दुभाषी मागताना त्यात सीमावाद मिसळू देऊ नका, आणि गावातल्या कार्यकर्त्यांनाही ठाण्यात घोषणा द्यायला बोलावू नका. आरोपीच्या बाजूला तेच हवं असतं: प्रकरण भाषेचं झालं की मूल बाजूला पडतं. अथणी-रायबागकडे मराठी कार्यकर्तीसमोर कन्नड बोलणारं मूल येतं, बेळगाव शहरात उर्दू बोलणारं येतं. तेव्हा हाच हक्क त्यांचा असतो आणि तो आपण तितक्याच आग्रहानं मागायचा असतो.

बंदोबस्ताचं वेळापत्रक घरात कॅलेंडरजवळ लावून ठेवा. १ नोव्हेंबरला राज्योत्सव आणि काळा दिन, १७ जानेवारीला हुतात्मा दिन, गणपती विसर्जन, आणि बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की सगळा जिल्हा बंदोबस्तात. त्या दिवसांत महिला पीएसआय ठाण्यात सापडत नाहीत आणि ‘दोन दिवसांनी या’ हे उत्तर मिळतं. त्यासाठी आधीच ठरवून ठेवा की कोणत्या ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी कोण, ते नसतील तर कोण. बाल न्याय कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात किमान एएसआय दर्जाचा असा अधिकारी असतो, आणि जिल्ह्याच्या विशेष बाल पोलीस पथकावर डीवायएसपी दर्जाचा अधिकारी असून त्यात दोन समाजसेवक असायला हवेत, एक स्त्री. बेळगाव शहराला २०१४ पासून पोलीस आयुक्तालय आहे आणि बाकी जिल्हा एसपींच्या हाताखाली, म्हणजे टिळकवाडीचं प्रकरण आणि खानापूरचं प्रकरण वेगवेगळ्या साहेबांकडे जातं. फोन करायच्या आधी हे माहीत असलं की अर्धा दिवस वाचतो. मुलांची हेल्पलाइन १०९८ आणि आणीबाणीचा ११२ दोन्ही चालतात, पण ओळखीचा अधिकारी फोन उचलतो तेव्हा गोष्टी लवकर हलतात. म्हणून प्रकरण नसतानाही महिन्यातून एकदा ठाण्यात जाऊन बसा.

दवाखान्याबद्दल थोडक्यात. तक्रार नोंदवलेली नसली तरी वैद्यकीय तपासणी करता येते, आणि मुलगी असेल तर ती महिला डॉक्टरनंच करायची. उपचार सरकारी असो की खासगी, मोफत आणि ताबडतोब; त्यासाठी पोलिसांचं पत्र मागता येत नाही. घटनेनंतरचे कपडे धुऊ नयेत, प्लास्टिकच्या नव्हे तर कागदी पिशवीत ठेवावेत, आणि पोलिसांच्या हाती द्यावेत. ते स्वतःकडे ठेवू नका, पुरावा कुणाच्या हातातून गेला त्याची साखळी तुटते. एचआयव्हीपासून संरक्षणाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून सिव्हिलला जायला ‘सकाळ होऊ दे’ म्हणू नका. आणि कुणी दोन बोटांची चाचणी करायला निघालं तर थांबवा. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणं गैरवर्तन ठरवलंय.

वयाचा पुरावा हा सीमेवरचा खास घोळ. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे मूल जन्मलं गडहिंग्लजला किंवा चंदगडला, शाळा खानापूरला. जन्माची नोंद महाराष्ट्रात आणि तपास कर्नाटकात. तपास अधिकारी शाळेचा दाखला जोडून मोकळे होतात, पण सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये एका पोक्सो खटल्यात शाळा सोडल्याचा दाखला वयासाठी पुरेसा मानला नव्हता. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मधला क्रम पाहा: शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तर हाडांची तपासणी. माहेरच्या ग्रामपंचायतीतून जन्मदाखला आणायला पोलिसांना पत्रव्यवहारात महिना जातो. कोल्हापूरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आपण फोन केला तर कुठल्या पंचायतीत नोंद आहे ते लवकर कळतं, मग पोलिसांनी रीतसर मागवायचा. एकत्र काम करणं म्हणतात ते मला अशा कामांत दिसतं.

हद्दीचाही असाच प्रश्न येतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं मूल, गोव्यात कामाला असलेले आई-बाप, घटना एका राज्यात आणि कळलं दुसऱ्या राज्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, ठाण्याला गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो आणि मग पाठवावा लागतो. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही, तिकडं जा’ हे उत्तर घेऊन परत फिरू नका. मात्र प्रकरण पुढे पाठवताना मुलाचा सविस्तर जबाब इथेही आणि तिथेही होऊ नये, यासाठी दोन्हीकडच्या तपास अधिकाऱ्यांचं एकमेकांशी बोलणं करून द्या.

आरोपी घरातलाच असेल तेव्हा आपलं आणि पोलिसांचं खरं मतभेदाचं ठिकाण येतं. नियमाप्रमाणे अशा मुलाला २४ तासांत समितीपुढे न्यायचं आणि समितीनं तीन दिवसांत ठरवायचं की मूल घरी सुरक्षित आहे की नाही. पोलिसांना बालमंदिर (सरकारी बालगृह) सोपं वाटतं: मूल हाताशी राहतं, फितवलं जात नाही. मला ते शेवटचं वाटतं. गुन्हा दुसऱ्यानं केला आणि घर, शाळा, मैत्रिणी मुलीच्या गेल्या, तर ती पुढच्या वेळी तोंड उघडणार नाही, आणि तिला पाहणारी धाकटी बहीणही उघडणार नाही. आई मुलीच्या बाजूनं ठाम असेल तर आरोपीला अटक होईपर्यंत आजीकडे, मावशीकडे ठेवण्याचा प्रस्ताव आपण लेखी घेऊन जावा: कोण सांभाळणार, घर आरोपीपासून किती लांब, शाळेचं काय, कार्यकर्ती कधी भेट देणार. नुसतं ‘बालमंदिर नको’ म्हणून समिती ऐकत नाही. आई डळमळीत असेल, नवऱ्याच्या कमाईवर सगळं घर असेल, तर मात्र मी बालमंदिराच्याच बाजूनं बोलेन, कारण तडजोडीचा सगळा जोर त्या आईवरच येणार असतो.

तडजोड तर येणारच. गावातले पंच, भावकी, कधी शाळेचे विश्वस्त: ‘पोरीचं लग्न व्हायचंय, मिटवून टाका.’ इथे पोलीस आणि आपण एका बाजूला असावं लागतं. दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब लवकर झाला की दबाव आपोआप उतरतो. हा आदेश कर्नाटकातल्याच एका खटल्यात, २०१४ साली शिवण्णा प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं दिलाय: पीडितेला लगेच दंडाधिकाऱ्यांसमोर न्यावं, २४ तासांपेक्षा उशीर झाला तर कारण लिहावं, आणि त्या जबाबातला मजकूर आरोपपत्र दाखल होईपर्यंत कुणालाही कळू देऊ नये. प्रकरण दाबणाऱ्या संस्थाचालकांना पोक्सोचं कलम २१ समजावून सांगा. कळवलं नाही तर शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला ती एक वर्षापर्यंत होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे.

सतरा वर्षांची मुलगी मुलाबरोबर कोल्हापूरला किंवा गोव्याला निघून गेली आणि घरच्यांनी तक्रार दिली, अशी प्रकरणंही पुष्कळ येतात. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठानं २०२२ मध्ये संमतीच्या वयाच्या या प्रश्नाकडे विधी आयोगाचं लक्ष वेधलं, आयोगानं २०२३ मध्ये संमतीचं वय कमी करू नये असं सांगितलं. कायदा आहे तसाच आहे. आपण त्या मुलीशी आठ वर्षांच्या मुलीशी बोलतो तसं बोलू नये, तिला रागावू नये, आणि तिच्या नावानं तिला न विचारता जबाब तयार होऊ देऊ नये, एवढं पाहावं.

गुन्हा नोंदवल्यावर गंभीर प्रकारांत दोन महिन्यांत तपास पूर्ण व्हायला हवा. न्यायालयानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात निकाल, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात लांबतं, आणि या लांबलेल्या काळातच कुटुंबं गळतात. शक्ती योजनेमुळे आईला कर्नाटकात बसभाडं पडत नाही, पण विड्या वळायचा एक दिवस गेला की चूल अडते. पोक्सो नियमांतल्या नियम ८ खाली समिती तातडीची मदत सुचवू शकते, जेवण, कपडे, प्रवास यांसाठी, आणि ती आठवड्याभरात मिळायला हवी. न्यायालयाकडून अंतरिम भरपाई मागता येते. हे अर्ज पोलीस करणार नाहीत, आपण करायचे. पुढची तारीख, आरोपीला जामीन मिळाला का, हे मात्र पोलिसांकडूनच कळतं. सपोर्ट पर्सन म्हणून ते विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. आरोपी सुटून गावात परतला हे मुलीला बसस्टँडवर कळणं फार वाईट.

आणि मोबाइलबद्दल सावध राहा. मुलाचं नाव, फोटो, गाव, शाळा यातलं काहीही व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाऊ नये, पोलिसांच्या नाही आणि आपल्याही नाही. बंदी पोक्सो आणि बाल न्याय या दोन्ही कायद्यांत आहे. गावाचं नाव आणि वय एवढंच दिलं तरी आपल्याकडे लोक घर ओळखतात.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. आईला चंदगडला जायचंय तर अडवू नका, पण नुसतं जाऊ देऊ नका. आधी दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब उरकून घ्या, तो एक-दोन दिवसांत होऊ शकतो. समितीपुढे मुलीला हजर करून माहेरच्या पत्त्यावर राहण्याची परवानगी लेखी घ्या आणि समितीलाच कोल्हापूरच्या बालकल्याण समितीला पत्र पाठवायला सांगा, म्हणजे तिकडे भेटी देणारं कुणी तरी ठरेल. तपास अधिकाऱ्यांना माहेरचा पत्ता आणि आईच्या भावाचा नंबर द्या, समन्स खानापूरच्या बंद घरावर चिकटून राहायला नको. शाळेचा दाखला लगेच काढू नका. महिना-दोन महिने तिकडच्या मराठी शाळेत बसू द्या, मुख्याध्यापकांना कारण न सांगता. आणि मुलीला तुम्ही स्वतः सांगा की ती कुठे चालली आहे, किती दिवस, आणि तुम्ही तिला कोणत्या वारी फोन करणार आहात. त्या वारी फोन करा.